'दिर दिर' कुठे अडतंय? सतारीवरचा उजवा हात आणि वेग

चिकारी
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इथे सतार, सरोद, गिटार वाजवणारे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून हा प्रश्न इथेच विचारते.

मी ठाण्याची, बँकेत नोकरी. पस्तिशीत सतार हातात घेतली, त्याला आता सहा वर्षं झाली. आठवड्यातून एकदा गुरुजींकडे शिकवणी आणि रोज पहाटे एक तास रियाज. तो शक्यतो चुकवत नाही. आलाप-जोड बऱ्यापैकी जमतो, संथ लयीतली मसीतखानी गत तोड्यांसकट वाजते. गाडी अडते ती द्रुतला, म्हणजे जलद लयीला.

सध्या यमनमधली जलद रझाखानी गत चालू आहे, तीनतालात. अ‍ॅपवर लय २०० असेपर्यंत 'दिर दिर', म्हणजे 'दा' आणि 'रा' हे उलटसुलट दिशांचे जोडआघात, स्वच्छ येतात. २२० ला 'रा' बारीक व्हायला लागतो. २४० ला तो ऐकूच येत नाही, नुसता 'दा'-'दा' उरतो आणि दुसऱ्या आवर्तनात कोपरापासून मनगटापर्यंत हात लाकडासारखा होतो. थांबावंच लागतं. वादनाच्या शेवटच्या जलद भागाचं, झाल्याचंही तेच. दोन मिनिटांत हात भरून येतो.

हिशेब केला तर २४० च्या लयीत मात्रेला एक 'दिर' म्हणजे मिनिटाला ४८० आघात, सेकंदाला ८. आकडा तसा फार मोठा वाटत नाही. मैफलीत याच्या कितीतरी वर वाजवलेलं आपण सगळ्यांनी ऐकलंय.

गुरुजी म्हणतात, "हात सोड." ते मनापासून सांगतात आणि ते बरोबरच असणार. पण हात सोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला सहा महिन्यांत सापडलेलं नाही. ज्यांना हे जमलं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. वय, नोकरी वगैरे कारणं मला नकोत. मला हे वाजवायचंय.


मिरजेचा_वारा
रविवार, रात्री ११.१५

ताई, हाताकडे नंतर वळू, आधी नखी बघा. उजव्या हाताच्या तर्जनीत घालून अंगठ्याने आडवी ढकला. बोटावर जरा जरी फिरत असेल तर अर्धा दोष तिथेच आहे. सैल नखी जागेवर ठेवायला बोट आपोआप आवळलं जातं, आपल्याला कळतही नाही, आणि एकदा बोट आवळलं की पुढे मनगट, कोपर सगळं आवळतं.

दुसरं, नखीचं टोक बोटाच्या पुढे किती येतंय? फार आलं तर ते तारेच्या खाली खोल शिरतं आणि प्रत्येक आघाताला तार उपटून काढावी लागते. संथ लयीत हे खपतं, द्रुतला नाही. टोकाचा अगदी थोडा भाग तारेला लागला पाहिजे.

नखी सैल असेल तर पकडीने दोन्ही बाजू हलकेच दाबून घ्या, एकदम नको. मिरजेत आलात तर सतारमेकर गल्लीत बसून दहा-बारा नख्या बोटात घालून बघा आणि मगच एक घ्या. आमच्याकडे वाद्यं बनवायचं काम शिकलगारांच्या हातात आलं, मूळचे शस्त्रांना धार लावणारे लोक. सतारमेकर फरीदसाहेबांपासूनची ती परंपरा, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्यावर लोक लाखभर रुपये खर्च करतात आणि नखी मात्र मिळेल ती घालतात, याचं मला लहानपणापासून वाईट वाटत आलंय.


लयकारी
सोमवार, सकाळी ६.५०

मी सोलापुरात चाळीस वर्षं सतार शिकवतो आहे. वेगाच्या मागे धावू नका, वेग मागून येतो. रोज अर्धा तास फक्त 'दा रा दा रा', लय ६०, मात्रेला एक आघात. 'दा' आणि 'रा' डोळे मिटून ओळखू येणार नाहीत इतके सारखे व्हायला हवेत. सहा महिने एवढंच करा. लय पाच-पाचने वाढवा, त्याआधी नाही.


सहा_तारा
सोमवार, दुपारी १.२०

लयकारी सर, तुमच्या अनुभवापुढे मी लहान आहे. मी पुण्यात गिटार शिकवतो, सतार मला येत नाही. तरी एका मुद्द्यावर वेगळं मत मांडतो.

चालण्याचा वेग थोडा थोडा वाढवत नेला म्हणून माणूस पळायला लागत नाही. पळताना पाय वेगळे पडतात. गिटारच्या पिकचंही (तारा छेडायच्या पट्टीचंही) तसंच आहे. ६० च्या लयीत मी पिक कितीही वाईट पद्धतीने हलवलं तरी सूर स्वच्छ येतो, कारण चूक निस्तरायला दोन आघातांच्या मध्ये भरपूर वेळ असतो. त्या लयीत वर्षभर घोटलेली हालचाल सेकंदाला ८ आघातांना चालेलच असं नाही. मी स्वतः तीन वर्षं मेट्रोनोम पाच-पाचने वाढवत होतो आणि दर वेळी एकाच आकड्यावर अडकत होतो.

चिकारी, एक चाचणी करून बघा. डावा हात वाद्यावरून काढा. बाजाची (मुख्य) तार खुली ठेवा. ताल नाही, मात्रा नाही. ओला हात झटकतो तितक्या सैलपणे दोन-तीन सेकंद फक्त जलद छेडा. आवाज कसाही येवो. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि अर्ध्या वेगाने ऐकून आघात मोजा.

आकडा सेकंदाला ८ पेक्षा कमी आला तर हाताची हालचालच बदलावी लागेल. ८ पेक्षा जास्त आला तर वेग तुमच्या हातात आहेच, अडचण दुसरी आहे.


चिकारी
सोमवार, रात्री ९.५५

मिरजेचा_वारा, नखी खरंच फिरत होती! चार वर्षं तीच वापरतेय. उद्या बदलते.

सहा_तारा, चाचणी तीनदा केली. पहिल्या दोन सेकंदांत १९, १८ आणि १९ आघात, म्हणजे सेकंदाला नऊ ते साडेनऊ. माझा विश्वास बसेना म्हणून यजमानांनाही मोजायला लावले. तिसऱ्या सेकंदात मात्र हात आवळायला लागतो आणि आकडा एकदम खाली येतो.

मग अडतंय कुठे?


सरोदिया_दापोली
सोमवार, रात्री ११.३०

अडतंय ते 'रा' मध्ये. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये ते लिहिलंय, "रा बारीक होऊ लागतो". तेच उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो.

सतारीवर 'दा' म्हणजे बोट आत, तळव्याकडे ओढणं. 'रा' म्हणजे बाहेर ढकलणं. आमच्या सरोदवर 'दा' खाली जातो आणि 'रा' वर येतो, वाद्यं वेगळी म्हणून दिशा वेगळ्या. पण गोष्ट तीच: एक आघात जन्मतः बलवान, दुसरा परतीचा. शिकताना सगळं लक्ष 'दा' वर असतं. सम 'दा' वर, वजन 'दा' वर. 'रा' नुसता परत येताना तारेला लागून जातो. संथ लयीत तो मुद्दाम जोर लावून भरून काढता येतो. जलद लयीत तेवढा वेळ नसतो, मग तो दुबळाच राहतो. तो ऐकू येत नाही म्हणून आपण आणखी जोर लावतो, आणि तो जोर जातो 'दा' ला! तुमचं लाकूड होतंय ते इथे.

माझ्या गुरूंनी हे असं सोडवलं. तीन महिने सगळे पलटे (सरावाचे स्वरक्रम) 'रा' ने सुरू करायला लावले. 'रा दा रा दा'. सम 'रा' वर. पहिला आठवडा असह्य होता, आपण उलट्या पायांनी चालतोय असं वाटायचं. मग हळूहळू कान 'रा' ऐकायला शिकला. लयकारी सर म्हणतात ते 'डोळे मिटून ओळखू न येणं' माझ्या बाबतीत या वाटेने आलं.

सरोदमध्ये उजव्या हाताच्या बोलांना फार मान आहे. हे वाद्य अफगाण रबाबातून पुढे आलं आणि शाहजहांपूरच्या पठाण घराण्यांनी रबाबाची ती छेड जपली. राधिकामोहन मैत्र आणि त्यांचे शिष्य बुद्धदेव दासगुप्ता यांची ध्वनिमुद्रणं ऐका. डावा हात विसरा, फक्त जवा, म्हणजे सरोद छेडायची पट्टी, ऐका. बोल कसे कोरलेले येतात! वेगापेक्षा मला त्यातला प्रत्येक 'रा' आवडतो.

जवावरून आठवलं. आम्ही कोकणातले, त्यामुळे जवा घरच्या करवंटीचा करतो. जुन्या, जाड, पूर्ण सुकलेल्या नारळाची करवंटी लागते. कापून, कानसून, शेवटी काचपेपरने कड गुळगुळीत करायची. दोन्ही बाजूंची कड सारखी घासली नाही तर 'दा' गोड आणि 'रा' खरखरीत येतो. पहिल्या दिवसात मी तो दोष हाताचा समजत होतो. नखीच्या टोकालाही एका बाजूने झीज पडत असणार, भिंगातून एकदा बघा.


सांजपर्व
मंगळवार, सकाळी १०.०५

वाचतेय. फार उपयोगी धागा. वाखूण साठवली.


लयकारी
मंगळवार, सकाळी ११.४०

सहा_तारा, तुमचं म्हणणं रात्रभर डोक्यात घोळत होतं. पाच-पाचने वाढवा असं मी लिहिलं खरं, पण माझ्या स्वतःच्या तालमीत तसं काहीच नव्हतं. तेव्हा मेट्रोनोम कुठे होता? आमचे गुरू ठाय (मूळ संथ लय) वाजवायला लावत, मग एकदम दुगुन (दुप्पट), एकदम चौगुन (चौपट) आणि परत ठाय. मधल्या पायऱ्या नव्हत्याच. ठायीतला पलटा तसाच्या तसा चौगुनीत उडी मारायचा, हात फाटायचा, गुरू परत ठायीत आणायचे. चौगुन एखादंच आवर्तन टिकायची. उद्या दोन.

म्हणजे जलद हालचाल वेगळी असते हे आमच्या पद्धतीतही होतं, फक्त ते असं शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. मेट्रोनोमची अ‍ॅप्स आल्यावर आम्ही शिकवणारेच पाच-पाचच्या नादी लागलो. ही चूक मी माझ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत केली आहे आणि उद्यापासून सुधारतो.

तरीही ठाय सोडू नका हे सांगेनच. चौगुनीत काय बिघडलं ते ठायीतच दिसतं.


फिजिओ_नाशिक
मंगळवार, दुपारी ३.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि घरी हौसेने मांडोलिन वाजवते. इथे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

बोट आत ओढणारे स्नायू बोट बाहेर उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असतात. आयुष्यभर आपण वस्तू धरतो, उचलतो, पिळतो. बोट जोराने बाहेर ढकलायची वेळ क्वचित येते. त्यामुळे सतारीवर 'रा' दुबळा निघणं हे शरीररचनेला धरूनच आहे, त्यात तुमची कमतरता नाही.

दुसरी गोष्ट 'हात सोड' ची. एक स्नायू बोट आत ओढतो तेव्हा त्याच्या विरुद्धचा सैल पडायला हवा, आणि मग उलट. अदलाबदल नीट होते तोवर हात चालतो. भीती, घाई किंवा जास्तीचा जोर आला की दोन्ही एकाच वेळी आवळतात, एकमेकांशी झटतात आणि बोट जागच्या जागी थरथरतं. हेच तुमचं लाकूड. हात सोडणं म्हणजे पूर्ण हात लुळा करणं नव्हे. 'दा' झाल्याबरोबर 'दा' चा स्नायू विसरणं, एवढंच.

हे ताकदीने शिकता येत नाही. रबरबँड, स्प्रिंगचे ग्रिपर वगैरे कृपया आणू नका. लहान तुकडे वाजवा. दोन सेकंद जलद, मग दहा सेकंद हात मांडीवर. आवळण्याच्या आधी थांबायचं. आवळल्यावर वाजवत राहिलात तर शरीर आवळूनच वाजवायला शिकतं, तोच रियाज होतो.

हात भरून येणं वेगळं आणि दुखणं वेगळं. कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा मनगटाच्या वरच्या अंगाला दुखत असेल, सकाळी उठल्यावरही दुखत असेल, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. चिल्ला करायचा म्हणून चाळीस दिवस हात झिजवून आलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत. सहा-सहा महिने वाद्य लांब ठेवावं लागतं आणि त्यांचे डोळे बघवत नाहीत.


सहा_तारा
मंगळवार, रात्री ८.१५

लयकारी सर, मनापासून नमस्कार. ठाय-चौगुनीची ती पद्धत मी आता गिटारच्या वर्गात वापरून बघणार आहे.

फिजिओ ताईंनी सांगितलं ते गिटारवाल्यांनाही लागू. सुरुवातीला सगळे कोपरातून हात आवळून ट्रेमोलो (एकच सूर भराभर छेडत राहणं) करतात. वेग येतो, पण दहा सेकंदांत संपतो आणि कधी थांबायचं यावर ताबा राहत नाही.

तारा बदलताना होणारी अडचणही इथेच लिहून ठेवतो. पिक खाली मारून वर आणताना दोन तारांच्या मध्येच अडकून राहिलं, तर पुढच्या तारेवर जायला उडी मारावी लागते. तेच पिक किंचित तिरकं धरलं की एका दिशेचा आघात संपताना ते आपोआप तारांच्या पातळीच्या वर येतं आणि पुढच्या तारेवर मोकळं उतरतं. युरोपातल्या जिप्सी जॅझच्या गिटारवादकांच्या हातात हे पिढ्यान्‌पिढ्या आहे: मनगट वाकवलेलं, हात वाद्यावर न टेकलेला, नव्या तारेवर पहिला आघात नेहमी खालचा. त्यांच्यातल्या जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत जायबंदी झाली, त्यामुळे सगळे त्याच्या डाव्या हाताबद्दल बोलतात. मला त्याच्या उजव्या हाताबद्दल जास्त बोलावंसं वाटतं.

सतारीवर द्रुतची बरीच कामगिरी एकाच तारेवर होते, त्यामुळे हा प्रश्न तिथे येत नसावा. झाल्यात मात्र येत असणार. जाणकारांनी सांगावं.


सातवा_पडदा
मंगळवार, रात्री ११.५०

येतो तर! झाल्यावर लिहायला मी केव्हाचा थांबलोय.

चिकारी, तुम्ही 'दिर दिर' आणि झाला एकाच दुखण्यात धरलेत. ती दोन वेगळी कामं आहेत. 'दिर' मध्ये बोट एकाच तारेवर आत-बाहेर चालतं आणि दोन्ही दिशांना आघात होतो. झाल्याचे बोल 'दा रा रा रा'. 'दा' बाजाच्या तारेवर, तिन्ही 'रा' चिकारीच्या बारीक तारेवर. तिन्ही 'रा' एकाच दिशेचे. म्हणजे दोन 'रा' च्या मध्ये बोट आवाज न करता हवेतून परत यायला हवं. झाल्याचा वेग या मुक्या परतीवर ठरतो.

आता तारांची जागा बघा. बाजाची तार एका टोकाला, जमिनीकडे. चिकारी दुसऱ्या टोकाला, आपल्याकडे. 'दा' म्हणजे आतला आघात, तो बोटाला चिकारीच्याच दिशेने नेतो. बाजाला छेडून बोट थांबवलंत तर मग चिकारीपर्यंत वेगळा प्रवास करावा लागतो. 'दा' न थांबवता तसाच मधल्या तारांवरून उचलत चिकारीच्या वर नेलात तर तिथून 'रा' खाली पडतो, जवळजवळ स्वतःच्या वजनाने. तिसरा 'रा' खाली येताना तसाच बाजाच्या तारेपाशी सोडा, पुढचा 'दा' तिथूनच उठेल. हाताचा एक लंबगोल तयार होतो. सहा_तारा यांनी जिप्सी गिटारचं जे सांगितलं तेच हे: एक आघात संपतो तिथे पुढच्याची तयारी झालेली असते.

दोन महिने मी फक्त 'दा रा' एवढाच झाला केला. एक बाज, एक चिकारी, संथ, हात आरशात बघत. मग 'दा रा रा'. शेवटी चार.

अंगठ्याकडेही बघा. दांडी आणि भोपळ्याच्या सांध्याजवळ तो टेकलेला असतो. तो खुंट्यासारखा रोवू नका, नुसता ठेवा. माझा अंगठा इतका दाबला जायचा की नखाचा रंग बदलायचा. झाल्यात हात भरून येण्याचं माझं निम्मं कारण तेच होतं.


अनिवासी_गंधार
बुधवार, पहाटे ४.२०

न्यू जर्सीहून लिहितेय. माझी सतारीची शिकवणी पुण्यातल्या सरांकडे, व्हिडिओवर. आवाज पोचायला उशीर लागतो, त्यामुळे सर आणि मी एकत्र वाजवूच शकत नाही. लय कधी जुळत नाही. समोर बसून शिकणाऱ्यांना गुरूच्या हाताबरोबर आपला हात आपोआप पळतो, ते आम्हाला मिळत नाही आणि त्याची खंत आहे. त्यामुळे सर झाला वाजवून पाठवतात आणि मी तो कानाला लावून त्यावर वाजवते. फोन उजव्या हातावर रोखून संथ चित्रण करते. सातवा_पडदा म्हणतात तो लंबगोल त्या चित्रणात स्पष्ट दिसतो. माझ्या हाताचा अजून कोन आहे, लंबगोल नाही. आज कारण कळलं.

बोट आणि मनगट यावर कुणी लिहील का? 'दिर' बोटातून काढायचा की मनगटातून? सर म्हणतात बोटातून. मी इमदादखानी घराण्याची चित्रणं बघते तेव्हा मनगटही हलताना दिसतं.


सातवा_पडदा
बुधवार, सकाळी ९.००

दोन्ही. सुरुवात बोटाच्या मुळाशी होते, मनगट त्याला साथ देतं. मधलं बोट तर्जनीला हलकं चिकटलेलं असलं तर आधार मिळतो. बोटाचा मधला सांधा प्रत्येक आघाताला वाकत असेल तर वेग येणार नाही. तुमचे सर बोटातून म्हणतात ते शिकताना बरोबरच आहे. मनगट पहिल्यापासून सोडलं तर नुसता हात हलतो आणि 'दा' ला धार येत नाही.

घराण्याघराण्यात फरक आहेच. विलायत खाँसाहेब, निखिल बॅनर्जी आणि आपल्या मुंबईचे अब्दुल हलीम जाफर खाँसाहेब या तिघांचा द्रुत लागोपाठ ऐका. तीन वेगळे उजवे हात ऐकू येतील. आपल्या हाताला कुठला जवळचा वाटतो ते गुरूंना विचारून ठरवा.


बखरवाचक
बुधवार, दुपारी २.१०

वाद्य येत नाही, पण शब्दांचं वेड आहे म्हणून थोडं विषयांतर. नखीला हिंदीत मिजराब म्हणतात. मूळ अरबी शब्द, धातू 'मारणे, ठोकणे' या अर्थाचा. तुर्कस्तानात औद या तंतुवाद्याच्या छेडणीला याच शब्दाचं रूप वापरतात, इराणात 'तार' नावाच्या वाद्याच्या पितळी नखीलाही. आणि आपल्या मराठीतली 'जरब' त्याच धातूची. जरबेचा मूळ अर्थ आघात असाच आहे. नाण्यांवर 'जर्ब अमुक शहर' असतं ते नाणं पाडलं या अर्थी, तेही तेच. आज जरब म्हटलं की आपल्याला धाकच आठवतो, पण मूळ गोष्ट तारेवरच्या आघाताइतकी साधी आहे.


लयकारी
बुधवार, दुपारी २.४५

बखरवाचक, आमचे गुरू खरंच म्हणायचे, "जर्ब साफ आली पाहिजे." इतकी वर्षं मी तो वादनातला खास शब्द समजत होतो. आज आनंद झाला.


मडगावकार
बुधवार, रात्री १०.३०

आमच्या बाबांचं मांडोलिन आमच्या घरात रोज संध्याकाळी वाजायचं. मांडोलिनवर तारांच्या चार जोड्या, व्हायोलिनसारख्याच लावलेल्या. सूर लगेच विझतो, म्हणून लांब सूर हवा असेल तर ट्रेमोलोशिवाय इलाज नाही. म्हणजे आमच्याकडे वेगाचा उपयोग संथ सुरासाठी होतो. बाबा कधी 'जलद कर' म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, 'सूर तुटू देऊ नको.' मी सूर जोडायच्या मागे लागलो आणि हात कधी जलद झाला ते कळलंही नाही.

ते पिक इतकं हलकं धरायचे की वाजवताना कुणी ओढलं असतं तर सहज निघून आलं असतं. मी लहानपणी एकदा खरंच ओढून बघितलं. निघालं.

चिकारीबाय, एखाद दिवस गत बाजूला ठेवून 'दिर दिर' वर यमनचा आलाप वाजवून बघ. लय नाही, फक्त लांब सूर. गंधारावर दहा सेकंद. मऊ.


चिकारी
बुधवार, रात्री ११.१०

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय की मला भरून आलंय. आता लिहीत बसत नाही, वाजवते. दोन महिन्यांनी याच धाग्यावर येऊन सांगेन.


चिकारी
रविवार, रात्री ९.३० (नऊ आठवड्यांनंतर)

सांगितल्याप्रमाणे आलेय.

नखी बदलली. नवी घट्ट आहे, टोक कमी पुढे येतं. पहिले चार दिवस बोट काळंनिळं झालं, आता सरावली. फक्त यानेच २२० स्वच्छ झालं. जुनी नखी भिंगातून बघितली तर एका बाजूने खरंच झिजलेली होती.

रियाजाचा तास असा केला: पहिली पंधरा मिनिटं ठायीत सगळे पलटे 'रा' ने. मग दोन सेकंद जलद, हात मांडीवर, पुन्हा दोन सेकंद. ते वीस मिनिटं. फिजिओ ताई, यातलं सगळ्यात कठीण थांबणं होतं. छान चाललेलं असतं, हात म्हणतो अजून थोडं, आणि त्या 'अजून थोडं' मध्येच तो आवळतो. आता आवळण्याच्या जरा आधी कोपराच्या खाली एक बारीक ताण जाणवतो. पूर्वीही येत असणार, तेव्हा मी ऐकत नव्हते. उरलेला वेळ गत आणि झाला.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाजवणं आधीपेक्षाही बिघडलं, ओळखीची गतसुद्धा अडखळायला लागली. रडू आलं. नेमकी त्याच सुमारास गुरुजींकडे शिकवणी होती. त्यांना सगळं सांगितलं, हा धागाही दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग स्वतःची सतार घेऊन 'रा' ने सुरू होणारे पलटे माझ्याबरोबर वाजवायला लागले. पाऊण तास आम्ही दोघं तेच वाजवत होतो. नंतर म्हणाले, "माझ्या लहानपणी हेच करून घेतलं होतं, मी विसरलो होतो."

मडगावकार, गंधारावरचे ते दहा सेकंद मी रोज रात्री दिवे मालवून करते. माझ्यासाठी सगळ्यात जास्त उपयोग त्याचा झाला. त्यात ताल नाही, म्हणून घाई नाही, आणि घाई नसली की 'रा' 'दा' च्या इतकाच मोठा येतो. एके रात्री तो आवाज ऐकताना कळलं की 'हात सोड' हे गुरुजी याला म्हणत होते.

आकडा सांगायचा तर गत २४० ला चार आवर्तनं स्वच्छ, पाचव्यात 'रा' पुन्हा बारीक. २५० ला एक आवर्तन. झाला २०० ला पाच मिनिटं चालतो, हात भरत नाही. लंबगोल अजून पूर्ण गोल नाही, पण कोन गेला.

एक नवीन अडचण: झाला वाढल्यापासून चिकारी सारखी तुटतेय, पंधरा दिवसांत तीनदा. माझं काय चुकतंय?


मिरजेचा_वारा
रविवार, रात्री १०.०५

अभिनंदन ताई! कुठे तुटते ते बघा. नखी लागते तिथे तुटत असेल तर जोर जास्त होतोय, सातवा_पडदा म्हणाले तसं 'रा' ला नुसतं पडू द्या. दांडीवरच्या छोट्या खुंटीपाशी, जिथे तार टेकते तिथे तुटत असेल, तर त्या खाचेला धार आली आहे. अगदी बारीक काचपेपर दुमडून खाच दोनदा हलकेच घासा, वर पेन्सिलीचं शिसं फिरवा. आणि दुकानदाराकडून बाजाची तार चिकारीला लावून घेतली नाहीत ना, तेही तपासा. चिकारी त्याहून बारीक लागते, पाव मिलिमीटरच्या आतबाहेर.


चिकारी
रविवार, रात्री १०.२०

खुंटीपाशीच तुटते. तिन्ही वेळा तिथेच. उद्या घासते.